कर्त्याविना ज्ञान

‘ज्ञान’ या शब्दाला मराठीत सध्या बरे दिवस आले आहेत असे वरकरणी दिसते. ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था, ज्ञानव्यवस्थापन, ज्ञानसंपदा, ज्ञानकर्मी असे सामासिक शब्द शासकीय अहवालांतून, विद्यापीठांच्या आराखड्यांतून आणि चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिकांतूनही सर्रास आढळतात. २००५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय ज्ञान आयोग नेमला. त्यानंतरच्या काळात भाषा-साहित्याच्या विभागांनाही आपण या अर्थव्यवस्थेत नेमके कसले उत्पादन करतो याचा हिशेब मागितला जाऊ लागला, आणि आपण तो निमूटपणे देत आलो. एक गोष्ट मात्र आपण केली नाही, आणि खरे तर तेच आपले काम आहे. हा शब्द कोठून आला, कोणत्या अर्थाने आला, आणि तो ज्या वाक्यात वापरला जातो त्या वाक्याचा कर्ता कोण, हे आपण तपासले नाही.

आजच्या अर्थाने हा शब्द आला तो व्यवस्थापनशास्त्रातून, त्यातही बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अभ्यासातून. ब्रूस कोगट आणि उडो झँडर यांनी १९९३ साली अशी मांडणी केली की, बहुराष्ट्रीय कंपनी अस्तित्वात येते आणि टिकते ती ज्ञान एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याचे काम बाजारापेक्षा अधिक चांगले करते म्हणून. यंत्रे विकत मिळतात, मजूर मिळतात, भांडवलही मिळते; पण एका जागी साधलेले कसब दुसऱ्या जागी जसेच्या तसे उभे करणे ज्या संघटनेला जमते, तिची सरशी होते. ही मांडणी उथळ नाही. कंपनी म्हणजे पैशांची थैली घेऊन जग लुटायला निघालेला राक्षस, अशी जी प्रतिमा आपल्या परिवर्तनवादी कवितेत आणि देशीवादी भाषणांत वारंवार येते, तिच्यापेक्षा ही मांडणी वस्तुस्थितीच्या कितीतरी जवळ आहे. कंपनी खरोखरच ज्ञानावर जगते.

माझा आक्षेप या मांडणीत जे गाळले आहे त्याला आहे. ज्ञान ‘नेता’ यायचे तर ते आधी कोणापासून तरी सुटे व्हावे लागते. बहुराष्ट्रीय कंपनीच्या व्यूहरचनेत ज्ञानाचे खरे स्थान येथे आहे. पहिली पायरी, जो जाणतो त्याच्याकडून घेणे. दुसरी, घेतलेल्यातून त्याला वजा करणे. तिसरी, त्यालाच त्याचे गिऱ्हाईक करणे. या तीन पायऱ्यांना आपण घाईने ‘चोरी’ म्हणून मोकळे होतो. चोरी हा शब्द येथे फार सौम्य आहे. चोर ऐवज नेतो. ऐवज कोणाचा होता हा प्रश्नच नाहीसा करण्याची कला त्याला अवगत नसते.

१

व्यवस्थापनशास्त्राची एक आवडती गोष्ट आहे. इकुजिरो नोनाका यांनी ती १९९१ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील एका लेखात सांगितली आणि तेव्हापासून जगभरच्या वर्गांतून ती सांगितली जाते. १९८५ साली ओसाकामधील मात्सुशिता कंपनी घरच्या घरी पाव करण्याचे यंत्र तयार करीत होती. यंत्रातून निघणारा पाव वरून करपत असे आणि आतून कच्चा राहत असे. तेव्हा कंपनीतील सॉफ्टवेअरचे काम पाहणाऱ्या इकुको तानाका यांनी, शहरातील उत्तम पाव जेथे मिळतो अशी ख्याती होती त्या ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे उमेदवारी केली. कणीक मळताना तो ती एका खास पद्धतीने ताणतो आणि पिळतो, हे त्यांना दिसले. वर्षभराच्या खटपटीनंतर यंत्राच्या आतल्या बाजूला कंगोरे बसवण्यात आले आणि यंत्राला ती पिळणी साधली. यंत्र बाजारात आले आणि पहिल्याच वर्षी त्याने विक्रीचा उच्चांक गाठला.

नोनाका यांच्या मते हे अव्यक्त ज्ञानाचे व्यक्त ज्ञानात रूपांतर आहे आणि अशी रूपांतरे घडवणे हेच कंपनीचे सामर्थ्य. आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत. आपण ही गोष्ट गोष्टीसारखी वाचू. गोष्टीत कंपनीचे नाव आहे, तानाका यांचे नाव आहे, हॉटेलचेही नाव आहे. बेकरचे नाव नाही. तो हुद्द्याने येतो आणि हुद्द्यानेच जातो. त्याला काय मिळाले, त्याला विचारले होते काय, घरोघरी यंत्र गेल्यावर त्याच्या हाताची किंमत काय राहिली, हे प्रश्न निवेदकाला सुचलेले नाहीत. नोनाका अप्रामाणिक आहेत असे मला म्हणायचे नाही. ज्या कथनप्रकारात ते लिहितात, त्यात बेकर हे पात्र नसून उगमस्थान आहे. झऱ्याला नाव विचारायचे नसते.

या गोष्टीला एक उत्तरकथाही आहे, ती मात्र वर्गांतून क्वचितच सांगितली जाते. रॉड्रिगो रिबेरो आणि हॅरी कॉलिन्स यांनी २००७ साली या पावयंत्राची बारकाईने तपासणी केली. बेकरचे ज्ञान यंत्रात गेलेच नाही, असा त्यांचा निष्कर्ष. कणीक किती सैल, हवा किती दमट, पीठ कसले आहे, पाव झाला की नाही, हे जे बेकर पाहत होता त्यातले काही माहितीपुस्तिकेत गेले, काही मोजूनमापून ठरवलेल्या साहित्यात गेले आणि उरलेले यंत्र वापरणाऱ्याच्या माथी आले. म्हणजे रूपांतर असे काही झालेच नाही. जाणणारा माणूस मोडून त्याचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले गेले, इतकेच.

अव्यक्त ज्ञान ही कल्पना मुळात मायकेल पोलान्यी यांची. त्यांच्या १९५८ मधील ग्रंथाच्या नावातच ज्ञान हे व्यक्तीशी बांधलेले असते असे सूचन आहे. सायकल चालवणारा तोल कसा सावरतो हे त्याला सांगता येत नाही, आणि सांगता आले तरी त्या सांगण्यावरून दुसऱ्याला सायकल चालवता येत नाही. मराठीला हे नवीन नाही. आपण ‘हात बसला’ म्हणतो, ‘नजर तयार झाली’ म्हणतो, ‘हाताला चव आहे’ म्हणतो. या सर्व प्रयोगांत ज्ञान शरीराला चिकटलेले आहे. ‘चव’ हाताची आहे, हात त्या बाईचा आहे. बाई गेली की चव गेली, हे मराठी बोलणाऱ्याला सांगावे लागत नाही. व्यवस्थापनशास्त्राने पोलान्यींचा शब्द घेतला आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा केला. त्यांच्या लेखी जी मर्यादा होती, ती यांच्या लेखी खाण झाली.

२

ही विसाव्या शतकाची करामत आहे असे समजण्याचे कारण नाही. बहुराष्ट्रीय कंपनी जितकी जुनी, तितकीच ती जुनी आहे. अशा कंपन्यांच्या आद्य उदाहरणांत १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे नाव घेतले जाते. १६६३ मध्ये या कंपनीने पोर्तुगीजांकडून कोची जिंकून घेतले, आणि १६७० च्या दशकात मलबारचा तिचा अधिकारी हेंड्रिक आड्रियान व्हान रेडे याने तेथील वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापले गेले. त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि चित्रे आहेत.

हा निव्वळ ज्ञानपिपासेचा आविष्कार नव्हता. कंपनीची या प्रदेशातील मुख्य ठाणी कोठे असावीत, कोची येथे की कोलंबो येथे, असा वाद कंपनीच्या अधिकाऱ्यांत चालू होता आणि मलबारची समृद्धी दाखवणे हे व्हान रेडेच्या बाजूचे एक मोठे अस्त्र होते. शिवाय कंपनीच्या नोकरांसाठी औषधे युरोपातून येत. त्यातील कित्येकांचा कच्चा माल मुळात पूर्वेकडूनच तिकडे गेलेला असे. जे अंगणात उगवते ते समुद्रापलीकडून विकत आणण्यातला तोटा कंपनीच्या लक्षात आला. ज्ञान व्यूहरचनेला कसे आकार देते याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको.

आता हे ज्ञान आले कोणाकडून, ते पाहा. इट्टी अच्युदन हा ईळवा जातीचा वैद्य. वनस्पतींची नावे आणि गुण त्याने आपल्या घराण्यातील ताडपत्रांच्या आणि अनुभवाच्या आधारे सांगितले. त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. अच्युदनचे मल्याळम कथन पोर्तुगीजमध्ये, पुढे डचमध्ये आणि शेवटी लॅटिनमध्ये गेले. पहिल्या खंडात या चौघांची प्रमाणपत्रे छापलेली आहेत. तिघा वैद्यांचे प्रमाणपत्र १६७५ सालचे असून ते कोकणीत आहे आणि लिपी नागरी आहे. थोडे कष्ट घेतले तर मराठी वाचकालाही ते वाचता येते.

तेव्हा नावे गाळली गेली नाहीत, मग माझ्या सिद्धांताचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. नावे राहिली, कारण त्या काळी सत्याला साक्षीदार लागत असे. आम्ही पाहिले, आम्ही सांगितले, असे म्हणणारा माणूस उभा केल्याशिवाय युरोपातील वाचक विश्वास ठेवणार नव्हता. गरज संपताच नावे मागे पडली. लिनियसने १७५३ साली वनस्पतींचे नामकरण केले तेव्हा त्याने या ग्रंथाचा भरपूर उपयोग केला. संदर्भ मात्र दिला तो व्हान रेडेच्या नावाने. अच्युदनने सांगितलेले झाड, व्हान रेडेचे पान, लिनियसचे नाव. तीन पिढ्यांच्या आत कर्ता वाक्यातून पार झाला होता. ग्रंथाची वाट पाहणारे मलबारचे लोक तर या व्यवहारात कोठेच नव्हते. के. एस. मणिलाल यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठाने २००३ साली प्रसिद्ध केले आणि त्यानंतर मल्याळम आवृत्ती आली. ज्या भाषेत सांगितले गेले त्या भाषेत परत यायला या ग्रंथाला सव्वातीनशे वर्षे लागली.

३

गिऱ्हाईक करण्याची तिसरी पायरी डचांना साधली नव्हती. ती कशी साधते हे पाहायचे असेल तर जालना, यवतमाळ, अकोला या जिल्ह्यांत यावे लागते, कारण ती कापसाच्या बियाण्यात साधली गेली.

कापसाचे बी म्हणजे सरकी. शेतकरी वेचणीच्या वेळी चांगली झाडे हेरून त्यांची बोंडे वेगळी ठेवीत, सरकी काढून जपत आणि पेरणीआधी ती शेणामातीत चोळत, म्हणजे दाणे एकमेकांना चिकटत नसत. कोणते झाड कमी पाण्यात तगले, कोणावर किडीचा उपद्रव कमी, हे पाहणे हे त्या वर्षाचे शिक्षण असे आणि सरकी हे त्या शिक्षणाचे पुस्तक. १९७० साली गुजरातमध्ये सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी कापसाचा ‘एच-४’ हा संकरित वाण दिला. व्यापारी तत्त्वावर लावला गेलेला तो जगातील पहिला संकरित कापूस. उत्पादन वाढले, पण संकरित वाणाची सरकी पुन्हा पेरली तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत. पुस्तक दर वर्षी नवे घ्यावे लागते. हे कोणत्याही परदेशी कंपनीने केले नव्हते. आपल्याच सार्वजनिक संशोधनाने, चांगल्या हेतूने केले होते.

मॉन्सँटो कंपनीचे चातुर्य हे की तिने हे ओळखले. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील एक जनुक कापसात घातले की झाड स्वतःच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करते. हे जनुक घातलेले सरळ वाण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात पेरले जातात. सरळ वाणाचे बी राखून ठेवता येते. ते राखू नये म्हणून अमेरिकेत शेतकऱ्याकडून करार लिहून घेतला जातो आणि करार मोडला तर कंपनी न्यायालयात जाते. सोयाबीनचे बी पुन्हा पेरणाऱ्या एका शेतकऱ्याविरुद्धचा खटला कंपनीने २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात जिंकला. भारतात हे शक्य नव्हते. २००१ च्या कायद्याने भारतीय शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि आपसात देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. पण जेथे बीच स्वतः पुढच्या पिढीला दगा देते तेथे कायद्याची काय मातब्बरी? कंपनीने जालन्याच्या महिकोमध्ये २६ टक्के भागभांडवल घेतले, पुढे दोघांनी मिळून संयुक्त कंपनी काढली, आणि मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली ती महिकोच्या तीन संकरित वाणांना. अमेरिकेत जे काम वकील करतो ते येथे संकराने केले. कंपनीच्या व्यूहरचनेला आकार देणारे ज्ञान हे होते. जनुकाचे ज्ञान तर होतेच. त्याहून मोलाचे होते ते येथल्या कायद्याचे, येथल्या वाणांचे आणि येथल्या शेतकऱ्याच्या सवयीचे ज्ञान.

पुढे काय झाले? ग्लेन डेव्हिस स्टोन या मानववंशशास्त्रज्ञाने आंध्रातील (आजच्या तेलंगणातील) वारंगळ जिल्ह्यात अनेक वर्षे काम करून २००७ साली जे निरीक्षण प्रसिद्ध केले, ते विदर्भाच्या माणसाला नवखे वाटणार नाही. शेतकरी बियाणे निवडत होते ते स्वतः पाहून नव्हे. शेजाऱ्याने जे पाकीट आणले तेच पाकीट आणत होते. एका वर्षी एका नावाची लाट, पुढच्या वर्षी दुसऱ्या. थोड्याच वर्षांत मान्यताप्राप्त बीटी वाणांची संख्या हजारावर गेली. इतकी नावे आली आणि गेली की एका वाणाचा गुण कळण्याआधीच तो बाजारातून नाहीसा होई. स्टोन याला कसब हरपणे म्हणतात. येथे शेतकरी अडाणी होता असा अर्थ नाही. त्याने जाणून घेण्याचा जो मार्ग होता, तोच बंद झाला.

याचा हिशेब पुढे शेंदरी बोंडअळीने केला, जिला आता सगळे गुलाबी म्हणतात. अळीने बीटीला सरावू नये म्हणून शेताच्या कडेने साध्या कापसाच्या काही ओळी लावायच्या असतात. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे बिगर-बीटी पाकीट येत असे. ते का लावायचे, हे माहितीपत्रकात छापलेले होते. बहुतेकांनी ते लावले नाही. पाव करण्याच्या यंत्राची माहितीपुस्तिका आठवा; ज्ञानाचा जो तुकडा यंत्रात जात नाही तो छापून गिऱ्हाइकाच्या हाती दिला की कंपनीची जबाबदारी संपते. २०१० मध्ये गुजरातेत ही अळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचे खुद्द कंपनीनेच जाहीर केले. २०१७ साली महाराष्ट्रात तिने दुसऱ्या पिढीच्या बीटी कापसाची बोंडे पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या तंत्राने फवारणी कमी होणार होती त्या तंत्राच्या पंधराव्या वर्षी हे घडले. त्या मृत्यूंचे कारण एकच नव्हते. औषधांची भेसळवजा मिश्रणे, वाढलेली झाडे, अपुरी साधने, सगळेच होते. पण कोणते औषध कशात मिसळायचे हे कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला विचारावे लागते, ही परिस्थिती एका दिवसात येत नाही.

४

प्रतिपक्षाचे म्हणणे मला माहीत आहे. कंपनीने संशोधनावर पैसा ओतला, धोका पत्करला, आणि बीटी कापूस शेतकऱ्यांनी स्वखुशीने घेतला. अधिकृत परवानगीच्या आधी, २००१ सालीच गुजरातेत तो चोरून पेरला गेला होता. शेतकरी संघटनेने २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात बंदी असलेला तणनाशकसहिष्णू कापूस जाहीरपणे पेरून सत्याग्रह केला. तेव्हा पुण्यामुंबईच्या साहित्यिकांनी शेतकऱ्याला पारंपरिक ज्ञानाचे धडे देऊ नयेत. हे सर्व खरे आहे. निंदणीला मजूर मिळत नाही हे ज्याला ठाऊक नाही त्याने तणनाशकावर कविता लिहू नये, हेही मी मान्य करतो. शेतकऱ्याला नवे बी हवे असणे यात काही गैर नाही. माझा प्रश्न निवडीचा नाही, निवडण्याच्या कुवतीचा आहे. जो दर वर्षी नवे पाकीट विकत घेतो आणि पाकिटातल्या मालाची पारख करण्याचे साधन ज्याच्यापाशी उरलेले नाही, त्याच्या स्वखुशीला किती अर्थ?

सरकारी संशोधन हा यावर उतारा आहे, असे म्हणणाऱ्यांनी बिकानेरी नरमाची कथा आठवावी. धारवाडचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांनी बीटीचा एक सरळ वाण दिला, ज्याची सरकी शेतकऱ्याला राखून ठेवता आली असती. योग्य दिशेने टाकलेले पाऊल होते. पण त्या बियाण्यात मॉन्सँटोचे जनुक आढळले आणि ते मागे घ्यावे लागले. चौकशीसाठी सोपोरी समिती नेमावी लागली. हा दोष कंपनीच्या माथी मारता येत नाही. ज्ञानाची निगा राखणे हे काम आहे, घोषणा नव्हे, आणि ते काम आपल्या संस्थांनी नीट केले नाही.

५

आता आपल्या गटाकडे वळतो, कारण खरा वाद आपल्याशीच आहे. बहुराष्ट्रीय कंपनी आणि ज्ञान असा विषय निघाला की आपण हळदीची गोष्ट सांगतो. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर एकस्व दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आजीच्या बटव्याने अमेरिकेला हरवले, असे आपण अभिमानाने म्हणतो.

यात दोन चुका आहेत. पहिली, हे एकस्व कोण्या बहुराष्ट्रीय कंपनीचे नव्हते; ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राचे होते आणि संशोधक भारतीय वंशाचे होते. दुसरी चूक अधिक गंभीर. आजी जिंकलीच नाही. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशात एखादी गोष्ट कोट्यवधी लोक रोज करतात याला पुरावा म्हणून किंमत नव्हती. ती कोठेतरी छापलेली असावी लागे. कायद्यातील हा भेद २०१३ मध्ये गेला. हळदीच्या लढाईत उपयोगी पडले ते ग्रंथ आणि शोधनिबंध, त्यात १९५३ साली भारतातील एका वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक लेख. जिंकले ते छापील पान. त्यानंतर आपण पारंपरिक ज्ञानाचा प्रचंड डिजिटल संग्रह उभारला, तोही प्रामुख्याने ग्रंथांतील ज्ञानाचा. संरक्षण म्हणून तो आवश्यक होता. पण त्यामागचा नियम आपण तक्रार न करता स्वीकारला, आणि तो नियम असा की जे लिहिले गेले तेच ज्ञान, बाकीची सवय.

हा नियम आपल्याला परका वाटला नाही याचे कारण तो आपलाच आहे. कंपनी येण्याच्या कितीतरी आधी आपण हात आणि ज्ञान वेगळे केले होते. ज्याला येते तो कारागीर, ज्याला सांगता येते तो पंडित. पहिल्याची जात खालची, दुसऱ्याची वरची. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ साली शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ त्याला विद्येपासून तोडण्यात शोधले, ते उगीच नव्हे. मलबारच्या त्या ग्रंथातही ईळवा वैद्याची माहिती आणि ब्राह्मण वैद्यांचा निघंटू अशी विभागणी आहेच. कंपनीला आयता सापडलेला समाज असा होता, की ज्यात जाणणाऱ्याला वजा करण्याची रीत रुळलेली होती. म्हणून ‘आमचे ज्ञान चोरले’ ही ओरड करताना त्या ‘आमचे’मध्ये अच्युदन येतो काय, सरकी चोळणारी बाई येते काय, हे आधी सांगावे लागेल. नाहीतर तीही वजाबाकीच, फक्त स्वदेशी.

मग साहित्याच्या शिक्षकाने करायचे काय? बियाण्यांची पेढी काढणे त्याचे काम नव्हे. त्याला व्याकरण येते, ते त्याने वापरावे. ‘ज्ञान निर्माण केले जाते’, ‘ज्ञान हस्तांतरित होते’, ‘असे आढळून आले आहे’, ही वाक्ये पाहा. सगळी कर्मणी किंवा अकर्तृक. ज्या वाक्यात कर्ता लपतो त्या वाक्यात कोणाचा तरी मोबदलाही लपलेला असतो. कवितेतला निवेदक कोण, कादंबरीत कोणाला आवाज आहे आणि कोण मुका आहे, हे प्रश्न आपण वर्गात रोज विचारतो आणि त्यालाच समीक्षा म्हणतो. तेच प्रश्न कंपनीच्या वार्षिक अहवालाला, बियाण्याच्या माहितीपत्रकाला आणि विद्यापीठाच्या आराखड्याला विचारायला आपण का कचरतो? तो आपला विषय नाही म्हणून? विषय भाषेचा आहे. आपला नसेल तर कोणाचा?

ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्थेत तुमच्या विभागाचे योगदान काय, असे पुढच्या वेळी विचारले गेले तर उत्तरादाखल एक उलट प्रश्न लिहून द्यावा, असे मी सुचवतो: हे ज्ञान कोणाचे? मराठीत षष्ठी विभक्ती आहे ती याचसाठी. उत्तर देण्याची जबाबदारी मग विचारणाऱ्यावर येईल, आणि ते देताना त्याला निदान एकदा त्या ओसाकाच्या बेकरचे नाव शोधावे लागेल.